राज्य गेलं, पण डोळ्यांचं दप्तर राहिलं. तंजावरच्या सरफोजीराजांची गोष्ट

जालना जिल्ह्यातल्या वडीगोद्रीवरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. दक्षिणेला गेलात की शहागडला गोदावरी लागते. उत्तरेला गेलात की छत्रपती संभाजीनगर ओलांडून रस्ता वेरूळच्या दिशेने निघतो. तेच वेरूळ, जिथे मालोजीराजांची पाटीलकी होती आणि जिथून भोसले घराण्याची गोष्ट सुरू होते.

याच घराण्याची एक शाखा पार तामिळनाडूत, कावेरीच्या खोऱ्यात तंजावरला जाऊन वसली. जालना जिल्ह्याचा तंजावरशी आणखी एक धागा आहे. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच जिल्ह्यातलं, आणि त्यांच्या संप्रदायाचे मठ तंजावरलाही उभे राहिले.

आता तुम्ही म्हणाल, ही इतिहासाची उजळणी कशासाठी?

तर याच तंजावरच्या गादीवर एक असा मराठी राजा होऊन गेला, ज्याच्या काळात डोळ्यांच्या रुग्णांचे केस पेपर लिहिले जात होते. प्रत्येकाचा डोळा कसा दिसतो, याची चित्रं काढली जात होती. साल होतं १८२७ च्या आसपासचं. तेव्हा भूल नव्हती, जंतूंची कुणाला कल्पना नव्हती आणि डोळ्याच्या आत डोकावून बघायचं यंत्र जगात कुठेच नव्हतं.

त्या राजाचं नाव सरफोजीराजे भोसले, दुसरे.

नऊ वर्षांचा वारस

शहाजीराजांचे पुत्र आणि छत्रपती शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात तंजावर ताब्यात घेतलं. पुढे जवळपास पावणेदोनशे वर्षं तिथे भोसल्यांची गादी होती. दरबाराची भाषा मराठी, हिशेबाची लिपी मोडी आणि आजूबाजूची रयत तमिळ, असा तो सगळा कारभार.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. ते राजाच्या पोटी जन्मले नव्हते, भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेतले होते. त्या वेळचे राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता. १७८७ साली शेवटच्या आजारपणात त्यांनी नऊ वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतलं आणि मुलाकडे लक्ष ठेवा, अशी विनंती एका युरोपियन पाद्रीबाबाला केली.

या पाद्रींचं नाव ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. मूळचे जर्मन, पण डॅनिश मिशनकडून भारतात आलेले. तमिळसकट इथल्या भाषा त्यांना येत होत्या आणि तंजावरच्या दरबारात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

तुळजाजी गेले आणि भाऊबंदकी सुरू झाली. त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी गादीवर हक्क सांगितला. दत्तक विधान शास्त्राप्रमाणे झालं का, याचा खल झाला. पंडितांचा कौल सरफोजींच्या विरोधात गेला, ईस्ट इंडिया कंपनीने तो मान्य केला आणि अमरसिंह राजे झाले. लहानग्या सरफोजींची मात्र तिथून आबाळ सुरू झाली. शिक्षण थांबलं, जिवाची काळजी वाटावी अशी परिस्थिती आली.

श्वार्ट्झ कंपनीकडे तक्रारी करत राहिले. शेवटी १७९३ मध्ये सरफोजींना आणि तुळजाजींच्या राण्यांना मद्रासला हलवण्यात आलं. तिथे गेरिके नावाच्या दुसऱ्या पाद्रींच्या देखरेखीखाली त्यांचं शिक्षण झालं. इंग्रजी आलं, गणित आलं, युरोपातल्या विज्ञानाची तोंडओळख झाली. गादी हातची गेलेल्या त्या मुलाला पुस्तकांची गोडी लागली आणि ती आयुष्यभर सुटली नाही.

राजे झाले, पण राज्य कुठे होतं?

दरम्यान दत्तक प्रकरणाची फाइल पुन्हा उघडली. या वेळी इतर ठिकाणच्या पंडितांची मतं मागवली गेली. त्यांनी दत्तक विधान वैध ठरवलं. अमरसिंहांना बाजूला करून जून १७९८ मध्ये वीस वर्षांच्या सरफोजींना गादीवर बसवण्यात आलं.

ज्यांनी यासाठी अकरा वर्षं खटपट केली, ते श्वार्ट्झ त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वारले होते. सरफोजींनी पुढे त्यांच्या स्मरणार्थ इंग्लंडमधल्या प्रसिद्ध शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. मृत्युशय्येवरच्या गुरूला भेटायला आलेला राजा, असं ते दृश्य. तंजावरच्या चर्चमध्ये ते आजही आहे. सरफोजींनी धर्म बदलला नाही, पण गुरूचं ऋण लपवलंही नाही.

कंपनीने गादी मात्र फुकट दिली नव्हती. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा सगळा कारभार इंग्रजांकडे गेला. राजांकडे उरला तो तंजावरचा किल्ला आणि त्याच्या आसपासचा भाग. बदल्यात वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा, म्हणजे त्या काळची दक्षिणेतली सोन्याची नाणी, आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

थोडक्यात सांगायचं तर सैन्य नाही, लढाई नाही, वसुली नाही. राजाने फक्त राजासारखं दिसायचं.

अशा वेळी बरेच संस्थानिक शिकार आणि मेजवान्यांत रमले. सरफोजींनी त्या पैशातून पुस्तकं, छापखाना, शाळा आणि दवाखाना उभा केला.

राजाचा खर्च कशावर?

तंजावरच्या राजवाड्यात आधीपासून ग्रंथसंग्रह होता. सरफोजींनी तो असा काही वाढवला की आज तो त्यांच्याच नावाने, 'सरस्वती महाल ग्रंथालय' म्हणून ओळखला जातो. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं तर होतीच. शिवाय इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन पुस्तकं थेट युरोपातून मागवली गेली. त्यातल्या कितीतरी पुस्तकांवर राजांची इंग्रजी सही सापडते.

१८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला गेला. चोळांनी बांधलेल्या मंदिरावर देवनागरीत कोरलेला हा मराठी लेख बघायला आजही लोक जातात.

त्यानंतर राजवाड्यात देवनागरी छापखाना सुरू झाला. १८०६ मध्ये तिथून 'बालबोध मुक्तावली' हे इसापच्या गोष्टींचं मराठी भाषांतर छापून निघालं. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' सुरू व्हायला तेव्हा आणखी २६ वर्षं होती. जगाचा भूगोल सांगणारं 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक तर सरफोजींनी स्वतः लिहिलं.

आणि या सगळ्यासोबत उभा राहिला 'धन्वंतरी महाल'. इथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपियन अशा वेगवेगळ्या पद्धतींचे जाणकार एकत्र काम करायचे. माणसांसाठी औषधं बनायची, जनावरांसाठीही बनायची. कोणतं औषध कशावर चाललं, ते लिहून ठेवलं जायचं. हे ज्ञान पुढे तमिळ पद्यात बांधलं गेलं. 'सरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाची ही ग्रंथमाला आहे. सरभेंद्र म्हणजे सरफोजीच. त्यात डोळ्यांच्या आजारांवर स्वतंत्र भाग आहे.

डोळ्यांवर राजांचा विशेष जीव होता. पण त्यांच्या वैद्यांसमोर कोडं काय होतं, हे समजून घ्यायचं तर आधी डोळ्याच्या आत जावं लागेल.

डोळ्यातलं ते पाणी, जे अश्रू नाही

डोळ्याच्या पुढच्या बाजूला एक पारदर्शक काच असते, तिला आपण बुबुळाचा पडदा म्हणूया. डॉक्टर कॉर्निया म्हणतात. त्याच्या मागे रंगीत पडदा, त्याच्या मधोमध काळं छिद्र म्हणजे बाहुली आणि बाहुलीच्या मागे भिंग.

कॉर्निया आणि भिंग यांच्यामधली जागा रिकामी नसते. तिथे पाण्यासारखा स्वच्छ द्रव भरलेला असतो. इंग्रजी नाव अ‍ॅक्वियस ह्युमर, मराठीत नेत्रजल. अश्रू डोळ्याच्या बाहेरून वाहतात, हे पाणी आत असतं आणि आपल्याला कधीच दिसत नाही.

किती असतं? साधारण पाव मिलिलीटर. पाच-सहा थेंब फार तर.

पण काम मोठं आहे. कॉर्निया आणि भिंग पारदर्शक राहावेत म्हणून त्यांच्यात रक्तवाहिन्या नसतात. मग त्यांना अन्न कोण देणार? हेच पाणी. डोळ्याचा गोळा फुगवून आकारात ठेवायचं कामही त्याचंच.

हे पाणी साठून राहत नाही. रंगीत पडद्याच्या मागे ते सतत तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं आणि पडद्याच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून गाळून बाहेर रक्तात जातं. दीड-दोन तासांत जुनं पाणी जाऊन नवं आलेलं असतं. म्हणजे डोळ्यात एक छोटी मोरी आहे आणि एक छोटा नळ आहे. नळ चालू आणि मोरी तुंबली, तर काय होईल? आतला दाब वाढेल. तो मागच्या नसेला चेपेल आणि नजर हळूहळू जाईल. याला म्हणतात काचबिंदू.

मोतीबिंदू वेगळा. त्यात भिंगच गढूळ होतं.

आता गंमत बघा. आज हा फरक शाळेतलं पोरगंही सांगेल, पण शेकडो वर्षं जगभरच्या वैद्यांचा यात घोळ होता. अरबी वैद्यकात मोतीबिंदूचं नावच 'पाणी उतरणं' अशा अर्थाचं होतं. बाहुली आणि भिंगाच्या मधे कुठलं तरी खराब पाणी उतरतं, ते गोठतं आणि नजर झाकतं, अशी समजूत. म्हणजे दोष भिंगाचा आणि आळ आला पाण्यावर. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये मृत माणसाचा डोळा उघडून बघितला गेला, तेव्हा गढूळ झालंय ते भिंग, हे पक्कं होत गेलं.

सुईने भिंग ढकलायचं

मोतीबिंदूवर भारतात फार जुना इलाज होता. सुश्रुतसंहितेत त्याचं वर्णन आहे. रुग्णाला बसवायचं, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून, रक्तवाहिन्या चुकवत, बारीक शलाका आत घालायची आणि गढूळ झालेला भाग नजरेच्या वाटेतून बाजूला सारायचा. शलाका बरोबर जागी गेली हे ओळखायची खूण काय, तर बारीकसा आवाज होतो आणि पाण्याचा थेंब बाहेर येतो. डोळ्यात पाणी आहे आणि ते आपल्याला काहीतरी सांगतं, हे त्या काळातल्या शल्यवैद्यांनी हेरलं होतं.

भिंग बाजूला गेलं की त्याच क्षणी उजेड दिसायचा. वर्षानुवर्षं आंधळा असलेला माणूस समोरची बोटं मोजायचा. चमत्कारच.

अडचण नंतर यायची. भिंग डोळ्यातून बाहेर काढलेलंच नसायचं, ते आतच तरंगत राहायचं. कधी ते फुटून सूज यायची. कधी पाण्याची वाट अडायची आणि दाब वाढायचा. कधी सुईबरोबर जंतू आत जायचे. काही दिवसांचा उजेड आणि मग कायमचा अंधार, असं अनेकांच्या वाट्याला आलं. गावोगाव फिरून हा इलाज करणारे तोवर पुढच्या गावी पोचलेले असायचे. त्यामुळे किती डोळे वाचले आणि किती गेले, हे कुणी लिहून ठेवलंच नाही.

युरोपात १७४७ मध्ये जाक दाव्हिएल या फ्रेंच सर्जनने वेगळी वाट धरली. कॉर्नियाच्या कडेला चीर द्यायची आणि गढूळ भिंग चक्क बाहेर काढायचं. चीर दिली की पुढचं पाणी लगेच वाहून जायचं आणि डोळा पुढून सपाट पडायचा. पण जखम बुजली की पाणी पुन्हा भरायचं, कारण नळ चालूच असतो.

सरफोजींच्या काळात या दोन्ही पद्धती चालू होत्या. कोणती चांगली, यावर युरोपातले डॉक्टर भांडत होते. लंडनमध्ये डोळ्यांचं खास रुग्णालय १८०५ मध्ये सुरू झालं, मद्रासमध्ये १८१९ मध्ये. म्हणजे नेत्रवैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून जगातच नुकती उभी राहत होती आणि त्याच वेळी तंजावरच्या राजवाड्यात त्यावरची पुस्तकं येऊन पडत होती.

राजवाड्यातले केस पेपर

सरस्वती महालात डोळ्यांच्या चाळीसहून अधिक रुग्णांच्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत. त्या १८२७ च्या सुमाराच्या आहेत. रुग्णाची तक्रार काय, डोळ्यांची अवस्था कशी, उपचार काय केले, असं त्यात लिहिलंय. सोबत डोळ्यांची हाताने काढलेली चित्रं आहेत. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी या कागदांचा अभ्यास करून ते नेत्रवैद्यकाच्या जगासमोर आणले.

चित्रं का महत्त्वाची? फोटोग्राफी तेव्हा नव्हती. आज डॉक्टर मशीनवर डोळ्याचा फोटो काढून ठेवतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा तुलना करतात. तंजावरमध्ये तेच काम चित्रकाराचा हात करत होता. शब्दात 'डोळा लाल' लिहिणं वेगळं आणि लाली कुठून कुठपर्यंत आहे ते काढून दाखवणं वेगळं.

या कागदांचं मोल आणखी एका कारणाने आहे. फिरता इलाज करणारा निघून गेल्यावर रुग्णाचं काय झालं, हे कुणाला कळायचं नाही. केस पेपर लिहिणाऱ्याला मात्र निघून जाता येत नाही. आपण काय केलं ते त्याच्या हाताने कागदावर आलेलं असतं. चुकलं तरी ते दिसतं आणि पुढच्याला शिकता येतं.

सरफोजीराजे स्वतः मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करायचे आणि प्रवासातही शस्त्रक्रियेची पेटी सोबत ठेवायचे, असं त्यांच्याविषयी सांगितलं जातं. दवाखाना त्यांचा, ग्रंथ त्यांचे, वैद्य त्यांच्या पदरी आणि नोंदी ठेवायची शिस्तही त्यांच्याच दरबारातली, एवढं तर त्या कागदांवरूनच दिसतं.

फॉरवर्ड करण्याआधी एवढं लक्षात घ्या

सरफोजीराजांबद्दल सोशल मीडियावर बऱ्याच पोस्ट फिरतात. जगातला पहिला डोळ्यांचा सर्जन, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा शोध लावणारा राजा वगैरे.

हे खरं नाही. मोतीबिंदूचा इलाज सुश्रुताच्या काळापासून होता. भिंग बाहेर काढण्याची पद्धत फ्रान्समध्ये सरफोजींच्या जन्माच्या ३० वर्षं आधी सुरू झाली होती. डोळ्यांची रुग्णालयंही इतरत्र होती.

त्यांचं मोठेपण सिद्ध करायला खोट्या 'पहिल्या' नंबरची गरज नाही. सुश्रुताची परंपरा, तमिळ सिद्धांचं औषधज्ञान आणि युरोपातली शस्त्रक्रिया यांना त्यांनी एका छताखाली आणलं. आपलं ते सोनं आणि परक्याचं ते पितळ, असं केलं नाही. उलटंही केलं नाही. जे केलं ते लिहून ठेवलं. एवढं पुरेसं आहे.

जे त्यांना दिसूच शकत नव्हतं

आता या गोष्टीची दुसरी बाजू.

धन्वंतरी महालात आलेल्या रुग्णाचं भिंग गढूळ असेल, तर ते दिसायचं. बाहुलीत पांढरं दिसतं, चित्रकाराला ते काढता येतं. पण काचबिंदू झालेल्या डोळ्याचं काय? तो बाहेरून बहुतेक वेळा अगदी चांगला दिसतो. दुखत नाही, लाल होत नाही. नजर कडेने झिजत जाते आणि समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं. रुग्णाला कळतं तेव्हा बरीच नजर गेलेली असते. अशा डोळ्याचं कितीही हुबेहूब चित्र काढलं, तरी आजार चित्रात येणार नाही.

त्यासाठी आधी पाण्याची वाट सापडायला हवी होती. ती सापडत होती, पण फार दूर. १८३० मध्ये बर्लिनच्या फ्रेडरिक श्लेम या शरीरशास्त्रज्ञाने डोळ्याच्या कडेला असलेल्या एका बारीक नलिकेचं वर्णन केलं. नेत्रजल बाहेर जातं ती वाट हीच. आजही तिला श्लेमची नलिका म्हणतात. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या विल्यम मॅकेन्झी यांनी आपल्या ग्रंथात लिहिलं, की काचबिंदूत डोळा बोटाला टणक लागतो.

सरफोजीराजे तेव्हा हयात होते. त्यांच्या आयुष्याची दोन वर्षं उरली होती.

डोळ्याच्या आत बघायचं यंत्र हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये बनवलं. दाब कमी करायची पहिली परिणामकारक शस्त्रक्रिया फोन ग्रेफे यांनी १८५७ मध्ये जगापुढे मांडली. डोळा बधिर करायचं औषध आलं १८८४ मध्ये. गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवायची सुरुवात झाली १९४९ मध्ये, लंडनला, हॅरॉल्ड रिडली यांच्या हातून.

म्हणजे तंजावरचे वैद्य नेमके उंबरठ्यावर उभे होते. दार उघडलं, पण ते गेल्यानंतर.

काशी, शेवटची वर्षं आणि मोडीचे रुमाल

१८२० ते १८२२ या काळात सरफोजीराजे मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले. यात्रेहून लोक गंगाजल आणतात, राजांनी त्यासोबत हस्तलिखितं आणली आणि काशीच्या घाटांची चित्रंही करवून घेतली.

१८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला आले. युरोपातल्या रसायनशास्त्रावर आणि वनस्पतीशास्त्रावर सहज बोलणारा हिंदी राजा बघून ते चकित झाले. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनेही सरफोजींना मानद सदस्यत्व दिलं.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजे गेले. वय होतं ५४.

त्यांच्यानंतर मुलगा शिवाजी गादीवर आला. १८५५ मध्ये तोही वारला, मागे मुलगा नव्हता. कंपनीने संस्थान खालसा केलं. ज्या दत्तक विधानाच्या वादातून सरफोजींना गादी मिळाली होती, ती गादी शेवटी वारस नाही म्हणून गेली.

किल्ल्यावरचा हक्कही गेला. पण ग्रंथालय टिकलं. १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं आणि आज तंजावरला जाणारा कुणीही राजवाड्याच्या आवारात त्याचं संग्रहालय बघू शकतो.

तिथे मोडी कागदांचे शेकडो रुमाल आहेत. तंजावरच्या मराठी दरबाराचा रोजचा हिशेब, पत्रव्यवहार, यात्रा, दवाखाना सगळं त्यात बांधलेलं आहे. ते वाचायला मराठी यावी लागते आणि मोडी यावी लागते. तमिळनाडूत मोडी वाचणारे मोजके आणि महाराष्ट्रात तंजावरला जाणारे मोजके. म्हणून मोडी शिकणाऱ्या एखाद्या मराठी मुला-मुलीसाठी तिथे आयुष्यभराचं काम पडून आहे.

आणि ज्यांना मोडी शिकायची नाही, त्यांच्यासाठीही या गोष्टीत एक काम आहे. सरफोजींच्या वैद्यांकडे डोळ्यातल्या पाण्याचा दाब मोजायचं साधन नव्हतं, आपल्याकडे आहे. तालुक्याच्या गावातल्या नेत्रतज्ज्ञाकडेही ही तपासणी दोन मिनिटांत होते. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, पण वेळेत कळलं तर उरलेली वाचते. घरात कुणाला काचबिंदू असेल किंवा चाळिशी उलटली असेल, तर नुसता चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका, डोळ्याचा दाब आणि मागची नस तपासून घ्या. आणि तो कागद फेकून देऊ नका. पुढच्या वेळी डॉक्टरांना तुलना करायला तोच लागणार आहे.